उभ्या गाडीचा गुन्हा

गाडी चालवताना माणसाच्या हातून काय काय होऊ शकतं, याची मला चांगली कल्पना होती. गाडी न चालवताना काय होऊ शकतं, याची कल्पना परवा औरंगपुऱ्यात आली.

झालं असं, की मी चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला गेलो होतो. गाडी रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून, आरसेसुद्धा मिटून उभी केली होती. सासरच्या मंडळींसमोर पहिल्यांदा उभी राहिलेली सून जशी अंग चोरून उभी राहते, तशी ती उभी होती. वीस मिनिटांत काडी बसली, चष्मा डोळ्यांवर आला, आणि नव्याने दिसायला लागलेल्या या जगात मला पहिली स्पष्ट गोष्ट दिसली ती म्हणजे माझ्या गाडीचा आत गेलेला दरवाजा. उजव्या अंगाचा मागचा दरवाजा परातीसारखा खोल झाला होता, मागच्या दिव्याचा चुरा रस्त्यावर सांडला होता, आणि बंपर एका टोकाने सुटून कवळी निसटलेल्या माणसासारखा हसत होता.

काचेवर, वायपरखाली, एक कागद होता. माझ्या मनात आशेचा किरण का काय म्हणतात तो चमकला. कुणीतरी सज्जन गृहस्थ आपलं नाव, पत्ता, फोन नंबर ठेवून गेला असणार! जग अगदीच बुडालेलं नाही! मनुष्यजातीवरचा माझा हा विश्वास कागद उलगडेपर्यंत टिकला. ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला’ असं त्यावर छापलं होतं. त्या क्षणी मला फाडफाड मराठी बोलायची गरज होती, आणि त्यासाठी मला क्लासची आवश्यकता नव्हती.

पलीकडच्या चहाच्या टपरीवर तीन साक्षीदार हजर होते. पहिल्याने सांगितलं, गाडी पांढरी होती. आपल्या देशात निम्म्या गाड्या पांढऱ्याच असाव्यात, तेव्हा तपासाचं क्षेत्र एकदम निम्म्यावर आलं. दुसऱ्याने सांगितलं, गाडी कसली, टेम्पो होता. तिसऱ्याने बशीतला चहा संपवून, तोंड पुसून, आमच्या गावच्या खास दखनीत निकाल दिला, “आवाज सुनके पलटे तो उनो चले गया था, साब. नंबर कौन देखता? लेकिन आप इधर कायकू खडी करे?”

हा प्रश्न त्या दिवशी मला पहिल्यांदा विचारला गेला. शेवटचा नव्हे. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, “मी म्हटलं होतं ना, रिक्षाने जा म्हणून?” शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “औरंगपुऱ्यात कुणी गाडी लावतं का, भाऊजी?” चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर विचारलं, “बाबा, पण तुम्ही थोडी अजून आत घ्यायची ना!” थोडी अजून आत म्हणजे चष्म्याच्या दुकानात. एकूण गल्लीत एकमत असं झालं, की जो ठोकून गेला तो गेला. तो काय, वाऱ्यासारखा, पावसासारखा, निसर्गाचाच एक आविष्कार. खरा प्रश्न आहे तो उभ्या राहणाऱ्याच्या अकलेचा.

या न्यायाला आमच्या गावात मोठी परंपरा आहे म्हणा. आमचं छत्रपती संभाजीनगर (माझ्या गाडीच्या कागदांवर अजून औरंगाबादच आहे, पण २०२३ पासून आम्ही दोघंही नव्या नावाला सरावतो आहोत) हे बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ओळखलं जातं. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, आणि १६१२ साली भडकल दरवाजा उभा केला. हे आणि नंतरचे दरवाजे हत्ती-उंटांसाठी, पालख्यांसाठी बांधलेले. आता त्यांतून रिक्षा, सिटी बस आणि लग्नाच्या वरातीतला डीजे एकाच वेळी जायला बघतात. एखादं वाहन दरवाजाच्या दगडाला घासलं, की चालक खाली उतरतो, आधी गाडीचा पत्रा बघतो, मग दरवाजाकडे बघतो आणि म्हणतो, “मध्येच आला!” चारशे वर्षं एका जागी उभा असलेला दरवाजा मध्ये आला! जिथे मलिक अंबराच्या बांधकामाची ही कथा, तिथे माझ्या चौदा वर्षांच्या गाडीने कोणत्या तोंडाने तक्रार करावी? याच गावातल्या मंडळींनी २०१० साली एका झटक्यात १५० मर्सिडीज विकत घेतल्या होत्या, त्याचा गाजावाजा देशभर झाला. तसली गाडी असती, तर ठोकणारा ठोकण्याआधी दोनदा थांबला असता. माझ्या गाडीला बघून कुणी एकदाही थांबत नाही.

पण माझा विमा होता! आणि तोही साधासुधा नव्हे, सगळं काही भरून देणारा. गेली चौदा वर्षं मी तो न चुकता भरतो आहे. दरवर्षी पैसे भरताना हळहळतो आणि वर्षअखेर काहीच झालं नाही म्हणून पुन्हा हळहळतो. देवळात नवस बोलून नारळ आगाऊ फोडून बसल्यासारखं हे असतं. म्हणून जरा हुरूपानेच मी क्लेमचा फॉर्म मागवला.

हे फॉर्म तयार करणारा इसम जन्मात कधी स्वस्थ बसला नसावा. पहिला रकाना : अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते? मी लिहिलं, ‘कोणीही नाही.’ पुढचा रकाना : चालकाचा परवाना क्रमांक. ‘लागू नाही.’ पुढचा : अपघातसमयी वाहनाचा वेग. मी प्रामाणिकपणे ‘शून्य’ लिहिलं, आणि लिहिताना उगाच ओशाळलो. शाळेत परीक्षेच्या पेपरावर हा आकडा मास्तर लिहीत, तेव्हा वाटायचं तसं वाटलं. शेवटी, अपघात टाळण्यासाठी चालकाने कोणते प्रयत्न केले? यावर मी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, ‘चष्मा दुरुस्त करून घेत होता.’ विमा एजंटाने ते खोडलं. तो म्हणाला, “काका, फक्त एवढंच लिहा, गाडी उभी असताना अज्ञात वाहनाने धडक दिली. खरं तेवढं लिहिलं की पुरतं.” मग जरा थांबून म्हणाला, “पण माझं ऐकाल तर क्लेम करूच नका.”

ज्याने चौदा वर्षं मला विम्याचं महत्त्व पटवलं, तोच आता विम्याला हात लावू नका म्हणत होता. कारण त्याला त्याच्या धंद्याचा ‘नो क्लेम बोनस’ नावाचा एक प्रकार माहीत होता आणि मला फक्त त्याचं नाव माहीत होतं. तेव्हा मी फॉर्म, मिस्त्रीचा खर्चाचा कागद आणि ती इंग्रजीची जाहिरात, असं सगळं घेऊन सरांकडे गेलो.

सर आमच्या गल्लीतच राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ८६. गल्लीत कुणाच्या बँकेचं व्याज चुको, फ्लॅटचे चौरस फूट कमी भरोत, प्रकरण सरांकडे जातं. सर अजून पेन्सिलीने आकडेमोड करतात आणि पेन्सिल कानावर ठेवतात. माझ्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लगेच हिशेब मांडला.

“मिस्त्री किती म्हणतो?”

“नऊ हजार दोनशे.”

“त्यातले पहिले हजार तुमचे. ते कंपनी कधीच देत नाही. बंपर आणि दिवा प्लास्टिकचा, म्हणजे निम्मी किंमत झीज म्हणून वजा. रंगाच्या सामानाचंही तेच. सगळं जाऊन तुमच्या हातात पडतील समजा पाच हजार आठशे. आता दुसरी बाजू.” सरांनी मधोमध रेघ मारली. “पाच वर्षं क्लेम नाही म्हणून तुम्हाला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट आहे. क्लेम केलात की पुढच्या वर्षी सूट शून्य. मग पुन्हा पहिलीपासून शाळा : वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि मग पन्नास. म्हणजे पन्नासच्या तुलनेत तुमचं नुकसान किती? पन्नास, तीस, पंचवीस, पंधरा, पाच. बेरीज?”

“सव्वाशे,” मी म्हणालो. सरांसमोर बेरीज करताना अजूनही तळहाताला घाम येतो.

“सव्वाशे टक्के. तुमचा सूट धरण्याआधीचा हप्ता सहा हजार. सव्वापट किती?”

“साडेसात हजार.”

“म्हणजे पाच हजार आठशे मिळवण्यासाठी तुम्ही साडेसात हजार देणार. हा व्यवहार तुम्हाला करायचा असेल, तर तो माझ्याशी करा. मी तुम्हाला सहा हजार देतो.”

असा मी उलगडलो. विमा ही एक अशी छत्री आहे, जी आभाळ फाटलं तरच उघडायची. रिमझिम पावसात उघडली, तर दुकानदार पुढच्या छत्रीला जास्त पैसे लावतो. यात लबाडी काहीच नाही. गाडी चक्काचूर झाली, देव न करो पण कुणाला लागलं, तर हीच छत्री माणसाचं घर वाचवते. लंडनला तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात बसून व्यापारी मंडळी जहाजांचे विमे उतरवत, तेही जहाजं बुडतात म्हणून. जहाजाच्या कठड्याचा रंग उडतो म्हणून नव्हे. आमच्या टपरीवरचे तीन साक्षीदार पाहता, चहाच्या दुकानात तो धंदा का सुरू झाला नाही, तेही कळलं.

“पण सर,” मी म्हणालो, “तो ठोकणारा थांबला असता, तर त्याच्या विम्यातून मिळाले असतेच ना? त्याच्या थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत बसतं म्हणतात.”

“बसतं. पण त्यासाठी तुम्ही न्यायाधिकरणापुढे जायचं, वकील करायचा आणि मिस्त्रीला कोर्टात उभं करायचं. नऊ हजारांसाठी? तो थांबला असता, तर त्याने खिशातून दिले असते. म्हणून तर तो थांबला नाही.”

कायदा मात्र थांबायला सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १३४वं कलम मी नंतर मुद्दाम वाचलं. माणूस जखमी होवो की दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान होवो, चालकाने पोलीस समोर नसेल तर जवळच्या ठाण्यावर चोवीस तासांच्या आत जाऊन सांगायचं. जखमीला मदत मिळवून द्यायची, आणि इथे कायद्याने कंसात टाकल्यासारखी एक सवलत ठेवली आहे : जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सोडून. कायदा लिहिणारा माणूस कधीतरी आपल्या चौकात उभा राहिला असला पाहिजे. पळून जाणारा नेहमीच पैशाला भिऊन पळतो असं नाही. कधी तो टपरीवरच्या तिघांना भिऊन पळतो, तर कधी स्वतःचं तोंड दाखवायला लाजतो.

या शेवटच्या प्रकाराबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो. का, ते त्याच बैठकीत उघडं पडलं.

सरांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि सहज म्हणाले, “आपल्या फियाटचा हेडलाइट आठवतो का तुम्हाला? नाटकाच्या रात्री फुटलेला? तुम्ही होतात की.”

मी होतो. माझ्याइतका त्या प्रसंगी दुसरं कुणीच नव्हतं.

१९९४ सालची गोष्ट. गावातल्या एका नाट्यगृहात तीन अंकी नाटक होतं. मी नुकतीच जुनी मारुती ८०० घेतली होती आणि गाडी शिकून मला दीड महिना झाला होता. पुढे जायला मला येत होतं, मागे यायला येत नव्हतं. नाटक संपता संपता, गर्दीच्या आधी गाडी काढून ठेवावी म्हणून मी बाहेर आलो. मागे घेतली. ‘कट्’ असा अगदी लहान आवाज झाला, दाताखाली शेंगदाणा फुटावा तसा. उतरून पाहिलं, तर मागे सरांची बदामी फियाट, आणि तिचा डावा डोळा गेलेला. माझ्या गाडीवर साधा ओरखडाही नव्हता. निसर्गाचा हा पक्षपात त्या रात्री मला देवाची कृपा वाटला. आवारात कुणी नव्हतं. मी गाडी दहा-पंधरा हात पुढे नेऊन उभी केली आणि पडदा पडल्यावर बाहेर येणाऱ्या लोकांत मिसळून गेलो.

सांगणार होतो, अगदी शपथ घेऊन सांगतो, सांगणार होतो. सर आले, त्यांनी पाहिलं, “अरेरे” म्हणाले. मी तोंड उघडलं. आणि तोंडातून जे वाक्य बाहेर पडलं, ते असं होतं : “सर, ही स्टँडवरची पोरं लक्षच देत नाहीत!”

माणूस विचार करून खोटं बोलतो असं म्हणतात. चूक आहे. खोटं तयारच असतं. विचार करावा लागतो तो खऱ्यासाठी.

“त्या ठेकेदाराला मी चांगला धरला होता,” सर सांगत होते. “तो म्हणाला, पोराची चूक आहे, पोराकडून घ्या. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा होता, टोकन वाटायचा. ठेकेदाराने माझ्यासमोर त्याच्या दोन मुस्काटात दिल्या आणि एकशे दहा रुपये त्याच्या पगारातून कापून मला आणून दिले. मी घेतले. पुढच्या नाटकाला गेलो तेव्हा पोरगा दिसला नाही. मला पुढे वाईट वाटलं. पोरगा शेवटपर्यंत म्हणत होता, साहेब, मी नव्हतो इथे, मी विंगेत उभा राहून नाटक बघत होतो.”

मी चहा अर्धा टाकून घरी आलो. हे मुस्काटात देण्याचं आणि पैसे कापण्याचं मला माहीत नव्हतं. तीस वर्षांच्या वर मी त्या रात्रीची किंमत एक हेडलाइट धरून चाललो होतो. आणि हेडलाइट काय, सरांना परवडण्यासारखा होता! अशा हिशेबावर मी शांत झोपत आलो होतो.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा विम्याचाच विचार करत पडलो. विमा ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. एकाचं नुकसान हजार जणांत वाटून टाकायचं म्हणजे कुणालाच जड होत नाही. नुकसान असं वाटता येतं. पण दोष वाटता येत नाही. कंपनीचा सर्व्हेअर येतो, दरवाजा किती इंच आत गेला ते मोजतो, प्लास्टिक निम्म्याने धरतो, आणि कुणाचं चुकलं या रकान्यात ‘अज्ञात’ लिहून पुढे जातो. त्याचं काम तिथे संपतं. दोषाचं काम तिथे सुरू होतं. मालकाने स्वीकारला नाही म्हणून दोष हवेत विरून जात नाही. तो ब्रेक न लावता उतारावर सोडलेल्या गाडीसारखा खाली येत राहतो आणि जो कुणी सगळ्यांत जवळ, सगळ्यांत निमूट उभा असेल, त्याला जाऊन धडकतो. नाट्यगृहाच्या आवारात त्या रात्री दोन उभ्या वस्तूंना मी ठोकलं होतं. एक सरांची फियाट आणि दुसरा तो पोरगा. फियाटची काच दुसऱ्या दिवशी बसली.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट आहे. लिखिताने भावाच्या आश्रमातली फळं न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि शिक्षा माग. मला ही गोष्ट लहानपणी फार राग आणायची. सख्खा भाऊ, फळं कसली मोजतो? राजा सुद्युम्नही सोडून द्यायला तयार होता. पण लिखित हटून बसला, तेव्हा राजाने त्याचे हात तोडले. पुढे भावाच्या सांगण्यावरून नदीत स्नान केल्यावर हात परत आले, वगैरे. पुराणात ही सोय चांगली असते, पूर्ण भरपाई, झीज वजा नाही. पण आता मला शंखाचं म्हणणं थोडं कळतं. त्याला फळांचं काहीच नव्हतं. फळं नाहीशी झाली होती, आणि लिखिताने कबूल केलं नसतं, तर आश्रमातल्या कुठल्यातरी गरीब शिष्याच्या नावावर ती पडली असती.

चौथ्या दिवशी मी सरांकडे गेलो. सर ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

“सर, तो हेडलाइट मी फोडला होता.”

सर दोन-तीन शेंगा सोलेपर्यंत काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगण्याचं धैर्य माझ्याजवळ नव्हतं. मग ते म्हणाले, “कोणता हात होता? म्हणजे, वळवताना?”

“उजवीकडे जास्त फिरवलं, सर.”

“हं. नवशिके तसंच करतात.”

मी खिशातून पाकीट काढलं. एकशे दहा रुपयांचं तीस-बत्तीस वर्षांचं चक्रवाढ व्याज मी घरी काढून आणलं होतं. सरांकडे जायचं म्हणजे गृहपाठ करून जायला हवं. सरांनी पाकिटाकडे पाहिलंही नाही.

“मला कशाला देता? माझी काच मला मिळाली. ती त्या पोराच्या पैशांतून मिळाली. तेव्हा तुमचं देणं मला नाही, त्याला आहे. आणि माझंही त्याला आहे, कारण त्याचं न ऐकता मी पैसे घेतले. गणित सरळ आहे.”

मला रागावणं पुष्कळ सोपं गेलं असतं. चांगले दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी मी तीन रात्री जागून केली होती. सरांनी ती सगळी वाया घालवली. उलट स्वतःलाच माझ्या शेजारी उभं केलं.

“वर्गात मी नाथांची गोष्ट सांगायचो,” सर म्हणाले. “इथेच, देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहायला होते नाथ. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिवा लावून बसले, पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. पोरं हसायची. म्हणायची, सर, एका पैसाठी एवढं तेल जाळलं? मी सांगायचो, चूक रुपयाची असती तर कुणीही शोधली असती.” आणि मग शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, “शोधा त्याला.”

मी शोधायला गेलो. नाट्यगृहाचं ते स्टँड किती ठेकेदारांच्या हातांतून गेलं, याची मोजदाद कुणाकडे नव्हती. आताच्या तरुण मुलाने यंत्रातून पावती फाडता फाडता विचारलं, “चौऱ्याण्णव साली? काका, माझा जन्म नव्हता तेव्हा. नाव काय पोराचं?” नाव मला माहीत नव्हतं. त्या रात्री ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. सरांना फियाटचा नंबर अजून तोंडपाठ आहे. आवाराच्या बाहेर एक म्हातारा पानवाला होता, त्याला आठवल्यासारखं वाटलं; पण चौकशी केली तेव्हा तो आठवत होता तो दुसराच पोरगा निघाला, तोही कुठल्याशा दुसऱ्याच चुकीसाठी काढलेला.

तो मुलगा आज पंचेचाळिशीचा गृहस्थ असेल. कदाचित त्याची स्वतःची गाडी असेल. कदाचित परवा औरंगपुऱ्यात माझ्या दरवाजाची परात करून गेला, तो तोच असेल आणि फिटंफाट झाली असेल. हा हिशेब फारच सोयीचा आहे. म्हणूनच तो खरा नसणार.

क्लेम मी केला नाही. दिवा आणि बंपर बसवले, दरवाजा तसाच ठेवला. मिस्त्री दर वेळी हळहळतो, “साब, दो घंटे का काम है.” मी म्हणतो, राहू दे. त्यात प्रायश्चित्त वगैरे काही नाही. पैसे वाचले, हेही एक कारण आहे आणि ते मी लपवत नाही.

एक सवय मात्र लागली. गाडीच्या कप्प्यात मी कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन ठेवतो. गेल्या महिन्यात क्रांती चौकाजवळ एका उभ्या स्कूटरचा आरसा माझ्याकडून तुटला. भोवती कुणी नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली : ‘तुमचा आरसा माझ्या गाडीने तुटला. खर्च देतो. फोन करावा.’ खाली नाव, नंबर. तासाभराने फोन आला. एका तरुणीचा आवाज होता.

“काका, तुम्ही चिठ्ठी ठेवली?”

“हो.”

“खरंच तुमच्याकडून तुटला?”

“हो, खरंच.”

बराच वेळ शांतता. मग सावधपणे, “काका, तुम्ही विम्याचे एजंट आहात का?”

मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. तीनशे रुपये घ्यायला येतानाही ती भावाला बरोबर घेऊन आली.

हे मी सरांना सांगितलं, तेव्हा ते पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर, हल्ली भेटले की नेहमी विचारतात ते त्यांनी विचारलं, “सापडला का?”

“नाही, सर.”

“बघत राहा,” सर म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली. “घाई नाही. मी आहे अजून.”